सोन्याचे कण आणि कॅन्सर: धातूचे नॅनोकण गाठीपर्यंत कसे पोचतात, आणि आज रुग्णाच्या हाती काय आहे?

"डॉक्टर, सोन्याच्या कणांनी कॅन्सर जातो म्हणे. किमो न घेता तसलं काही करता येईल का?" कॅन्सरचे निदान झाल्यावर अनेक घरांत हा प्रश्न निघतो. कुणी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाला पाहुण्यांनी सांगितलेले असते. प्रश्न विचारण्यात काही चूक नाही. या विषयावर जगभर खरोखरच संशोधन चालू आहे, आणि त्यातले काही आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. पण ती बातमी ऐकून कुणी ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली, तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. म्हणून हे उपचार नेमके काय आहेत, कुठवर आले आहेत आणि मोहोळसारख्या तालुक्यातल्या कुटुंबाने त्यातून काय समजून घ्यावे, हे सोप्या भाषेत पाहू.

थोडक्यात उत्तर

धातूचे नॅनोकण ही कॅन्सरवरची खरी आणि आशादायक दिशा आहे. परंतु शस्त्रक्रिया, किमोथेरपी किंवा रेडिएशन यांच्या जागी नेहमीचा उपचार म्हणून ते आज वापरले जात नाहीत. काही मोजक्या प्रकारांत माणसांवर चाचण्या झाल्या आहेत. बाकी बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत किंवा उंदरांवर आहे.

नॅनोकण म्हणजे किती लहान?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण ७,००० नॅनोमीटर रुंद असते. औषधासाठी वापरायचे धातूचे कण बहुधा १ ते १०० नॅनोमीटरचे, काही थोडे मोठे असतात. म्हणजे तांबड्या पेशीपेक्षाही ते कितीतरी पटींनी लहान. त्यामुळे ते सलाईनमधून रक्तात सोडता येतात आणि बारीक रक्तवाहिन्यांतून फिरू शकतात.

धातूच का?

कॅन्सरच्या उपचारात धातू नवा नाही. 'सिस्प्लॅटिन' या जुन्या किमो औषधात प्लॅटिनम असते. अमेरिकेत १९७८ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि तोंडाच्या, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये आजही रेडिएशनबरोबर ते दिले जाते. मात्र सिस्प्लॅटिन हे विरघळणारे रसायन आहे, तो कण नव्हे.

धातूचा घन कण वेगळे काम करतो. बाहेरून दिलेली ऊर्जा तो शोषून घेतो:

- सोने: ठरावीक आकाराचा सोन्याचा कण विशिष्ट प्रकाश शोषतो आणि तापतो. त्या उष्णतेने शेजारची पेशी मरते.
- लोहाचे ऑक्साइड: बाहेरून वेगाने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र दिले की हे कण गरम होतात.
- हाफ्नियम ऑक्साइड: हा जड धातू रेडिएशनचे किरण जास्त शोषतो. त्यामुळे तेवढ्याच 'शेका'चा गाठीवर होणारा परिणाम वाढतो.

काही वेळा कण फक्त गाडीचे काम करतो. त्याच्या अंगावर औषध बसवून ते गाठीपर्यंत नेले जाते.

गाठीपर्यंत पोचायचे कसे?

या उपचाराचे यशापयश इथेच ठरते. शेताच्या भाषेत सांगायचे तर नेहमीची किमो म्हणजे पाटाने दिलेले पाणी. ते सगळ्या वावरात जाते, पिकालाही मिळते आणि तणालाही. म्हणून केस गळणे, उलट्या, रक्तपेशी कमी होणे असे त्रास होतात. नॅनोकणांमागची कल्पना ठिबकची आहे: जिथे हवे तिथेच सोडायचे.

त्यासाठी तीन वाटा आहेत.

*पहिली वाट: गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्या.* गाठ घाईघाईने वाढते, त्यामुळे तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या आणि सच्छिद्र असतात. रक्तातले कण तिथून बाहेर झिरपतात आणि गाठीत अडकून राहतात. जपानमध्ये हिरोशी माएदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही गोष्ट मांडली.

*दुसरी वाट: कणावर 'पत्ता' लिहिणे.* काही कॅन्सरपेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने जास्त असतात. उदाहरणार्थ, स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये हर-टू नावाचे प्रथिन. त्याला नेमके चिकटणारे रेणू कणावर बसवले की कण त्या पेशीला धरतो. यालाच लक्ष्यवेधी किंवा 'टार्गेटेड' नॅनोकण म्हणतात.

*तिसरी वाट: थेट गाठीत सुईने सोडणे.* ही सर्वांत साधी वाट. पण ती एका जागी असलेल्या आणि सुई पोचेल अशा गाठीलाच उपयोगी पडते.

दुसऱ्या वाटेबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. पत्ता लिहिला म्हणजे कण हातातल्या शिरेतून स्वतः शोधत शोधत गाठीकडे जातो, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. रक्त नेईल तिकडे तो जातो. पत्ता उपयोगी पडतो तो दारात पोचल्यावर, म्हणजे पेशीच्या अगदी जवळ गेल्यावर. शिवाय रक्तात शिरताच त्याच्या अंगावर रक्तातली प्रथिने चिकटतात. पाकिटावर चिखल बसून पत्ता दिसेनासा व्हावा, तसा हा प्रकार.

आणखी एक अडथळा आहे यकृत आणि प्लीहेचा. ठिबकच्या टाकीजवळ जसा फिल्टर असतो, तशी ही शरीराची गाळणी. परके कण दिसले की ती पकडून ठेवते. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला. दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचे मध्यक प्रमाण होते ०.७ टक्के. म्हणजे हजार कण सोडले तर गाठीत पोचले सुमारे सात.

हा आकडा ऐकून निराश होण्याचे कारण नाही. कधी कधी थोडे कणही पुरतात, कारण त्यांना तापवणारा प्रकाश किंवा किरण आपण फक्त गाठीवरच टाकतो. पण "कण सोडले की ते कॅन्सर शोधून मारतात" ही जाहिरातीतली भाषा खरी नाही, एवढे यावरून लक्षात यावे.

माणसांवर आतापर्यंत काय झाले आहे?

प्रोस्टेट आणि सोन्याचे कवच असलेले कण. अमेरिकेत पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरवर एक छोटी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. आत सिलिका आणि बाहेर सोन्याचे पातळ कवच असलेले कण शिरेतून दिले गेले. नंतर प्रोस्टेटमध्ये बारीक तंतू घालून लेसरचा प्रकाश सोडला आणि तेवढाच भाग उष्णतेने जाळला. १६ पैकी १५ रुग्णांत ही प्रक्रिया पूर्ण करता आली. लघवीच्या आणि लैंगिक कार्याच्या तक्रारींत लक्षणीय वाढ झाली नाही. मात्र हे रुग्ण कमी किंवा मध्यम धोक्याच्या, प्रोस्टेटमध्येच मर्यादित असलेल्या कॅन्सरचे होते. पसरलेल्या कॅन्सरला या चाचणीचा निष्कर्ष लावता येत नाही.

सार्कोमा आणि हाफ्नियम. हातापायाच्या आणि धडाच्या मऊ ऊतींच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेआधी रेडिएशन देतात. १८० रुग्णांच्या चाचणीत अर्ध्या जणांना त्याआधी गाठीत हाफ्नियम ऑक्साइडचे कण सुईने दिले. शस्त्रक्रियेनंतर गाठ तपासली तेव्हा तिच्यात ५ टक्क्यांहून कमी जिवंत पेशी उरल्या होत्या, असे रुग्ण कणांच्या गटात १६ टक्के आणि फक्त रेडिएशनच्या गटात ८ टक्के होते. २०१९ मध्ये युरोपात या कणांना मान्यता मिळाली. फायदा खरा आहे, पण नीट पाहा: इथे रेडिएशनही होते आणि शस्त्रक्रियाही होती. कणांनी त्यांना मदत केली, त्यांची जागा घेतली नाही.

मेंदूची गाठ आणि लोहाचे कण. जर्मनीत मेंदूच्या गाठीत लोहाच्या ऑक्साइडचे कण सोडून, चुंबकीय क्षेत्राने ते तापवून, सोबत रेडिएशन देण्याची पद्धत विकसित झाली. २०१० मध्ये युरोपात तिला मान्यता मिळाली. तिच्या अडचणीही होत्या. डोक्याजवळ धातू चालत नसल्याने दातांत बसवलेला धातू आधी काढावा लागे. पुढे एमआरआय तपासणीतही कणांमुळे चित्र बिघडते.

सोन्यावर बसवलेले औषध. टीएनएफ नावाचे प्रथिन गाठीवर परिणाम करते, पण ते नुसते शिरेतून दिले तर रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो. ते सोन्याच्या कणांवर बसवून दिल्यावर रुग्णांना जास्त सोसले, आणि गाठीच्या तुकड्यात सोन्याचे कणही सापडले. ही पहिल्या टप्प्याची चाचणी होती, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषध सुरक्षित आहे का हे पाहतात. कॅन्सर बरा होतो का, हा प्रश्न पुढच्या टप्प्यांचा.

महाराष्ट्रात काय चालू आहे?

शिरेतून दिलेले सोने नंतर शरीरात कुठे जाते, हा प्रश्न रुग्णही विचारतात आणि संशोधकही. पवईची आयआयटी मुंबई आणि खारघरचे टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र 'ॲक्ट्रेक' यांच्या संशोधकांनी यावर काम केले. त्यांनी चरबीच्या सूक्ष्म पिशवीवर सोन्याचा थर दिला. काम झाल्यावर हा कण विघटित होऊन यकृत आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडावा, अशी त्याची रचना आहे. उंदरांच्या गाठींवर प्रकाश टाकून केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात नानासाहेब थोरात, शिवाजी पवार आणि सहकाऱ्यांनी लॅन्थॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीज यांच्या चुंबकीय कणांवर काम केले. या प्रकारच्या कणांचा फायदा असा की विशिष्ट तापमानाला त्यांचे चुंबकत्व ओसरते. ते तापमान योग्य ठेवता आले, तर गाठ गरजेपेक्षा जास्त तापून आजूबाजूचा भाग भाजण्याचा धोका कमी होतो.

हे काम अभिमानाचे आहे. तरीही प्रयोगशाळेतले यश म्हणजे दवाखान्यात मिळणारा उपचार नव्हे.

मग इतका वेळ का लागतो?

मोहोळच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडली गेली. कुंडीत एक कणीस चांगले आले म्हणून कुणी वाण शिफारस करत नाही. वेगवेगळ्या जमिनीत, कमी-जास्त पावसात, बरेच हंगाम पाहूनच ते शेतकऱ्याच्या हाती देतात.

औषधाचेही तसेच. काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशी मारणे सोपे असते. उंदराची गाठ भराभर वाढते, तिच्या रक्तवाहिन्या जास्त गळक्या असतात, म्हणून तिच्यात कण सहज शिरतात. माणसाची गाठ वर्षानुवर्षे वाढलेली, घट्ट आणि प्रत्येकाची वेगळी. त्यामुळे उंदरात उत्तम ठरलेले बरेच उपचार माणसात टिकत नाहीत. याशिवाय यकृतात साठलेल्या धातूचा दूरचा परिणाम, ॲलर्जी, प्रत्येक बॅचमध्ये कणांचा आकार सारखा ठेवणे, हे सगळे तपासावे लागते.

औषधाच्या नावात 'नॅनो' आहे. ते हेच का?

बहुधा नाही. आज भारतात मिळणारी काही किमो औषधे नॅनो आकाराच्या वेष्टनात असतात. चरबीच्या सूक्ष्म पिशवीतले डॉक्सोरुबिसिन आणि अल्ब्युमिन प्रथिनाला जोडलेले 'नॅब-पॅक्लिटॅक्सेल' ही त्यांतली दोन. अमेरिकेत त्यांना अनुक्रमे १९९५ आणि २००५ मध्ये मान्यता मिळाली. ही सिद्ध झालेली, नियमित वापरातली औषधे आहेत, पण त्यांत धातू नाही.

'टार्गेटेड थेरपी' हा शब्दही वेगळा आहे. हर-टूवर काम करणारे ट्रास्टुझुमॅब किंवा फुप्फुसाच्या काही कॅन्सरमधल्या गोळ्या या टार्गेटेड आहेत, पण नॅनोकण नाहीत. त्या द्यायच्या की नाही, हे गाठीच्या तुकड्याच्या तपासणीवरून ठरते.

आणि सुवर्णभस्म? भस्मातही सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले आहे. पण वर सांगितलेल्या चाचण्यांत ठरावीक आकाराचा कण, शिरेतून किंवा गाठीत, बाहेरच्या प्रकाशासह किंवा औषधासह वापरला होता. तोंडाने घेतलेल्या भस्माला ते निष्कर्ष लागू होत नाहीत, आणि भस्माने कॅन्सर बरा होतो हे सिद्ध झालेले नाही. कुठलेही भस्म किंवा काढा चालू असेल तर न लाजता कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा. त्यामुळे यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या तपासण्यांचा अर्थ लावणे सोपे जाते.

कुणी 'नॅनो उपचार' सुचवला तर काय विचारावे?

1. औषधाचे नेमके नाव काय? कागदावर लिहून द्याल का?
2. ते माझ्या प्रकारच्या आणि माझ्या टप्प्याच्या कॅन्सरसाठी भारतात मान्य आहे का?
3. ही चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीचा क्रमांक काय? २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे आणि ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते.
4. नैतिकता समितीची मंजुरी आहे का? संमतीपत्र मराठीत मिळेल का?
5. यासाठी माझा ठरलेला उपचार थांबवावा लागेल का?
6. पैसे किती आणि कशाचे? चाचणीतल्या औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेतले जात नाहीत. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे.

या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली नाहीत आणि आगाऊ मोठी रक्कम मागितली गेली, तर तिथून उठावे. जमीन किंवा दागिने मोडण्याआधी एखाद्या मान्यताप्राप्त कॅन्सर रुग्णालयात कागद दाखवून दुसरे मत घ्या.

मोहोळ परिसरातल्या रुग्णाने आज काय करावे?

मोहोळहून सोलापूर साधारण ३५ किलोमीटर. तिथे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. वैरागमार्गे बार्शीला गेलात तर नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शी हे कॅन्सरच्या अभ्यासात देशभर माहीत असलेले नाव आहे. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये इथेच सुरू झाली.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या लोकांना माहीत असायला हवी. याच बार्शीच्या रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी मिळाली, त्या गटात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. तिथे ना सोन्याचा कण होता, ना लेसर. वेळेवर एक तपासणी आणि पुढचा उपचार, एवढेच.

म्हणून या खुणा अंगावर काढू नका:

- तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे (तंबाखू, गुटखा, मिसरीची सवय असेल तर विशेषतः)
- स्तनात गाठ, दुखत नसली तरीही
- पाळी गेल्यानंतर किंवा संबंधानंतर रक्तस्राव
- गिळताना अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, शौचातून रक्त

खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजनेत कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन बसतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*तुकडा काढला की कॅन्सर पसरतो का?*
या भीतीने तपासणी टाळू नका. तुकड्याच्या तपासणीशिवाय कॅन्सरचा प्रकार कळत नाही आणि नेमका उपचार ठरत नाही.

*नॅनोकणांचा उपचार येईपर्यंत थांबले तर?*
थांबू नका. वर पाहिलेल्या चाचण्यांतही गाठ एका जागी असतानाच चांगला उपयोग दिसला. थांबण्यात तीच संधी निघून जाते.

*चौथ्या टप्प्याच्या रुग्णाने चाचणीत भाग घ्यावा का?*
नोंदणीकृत चाचणी उपलब्ध असेल आणि तब्येत साथ देत असेल तर जरूर विचारावे. सोबत वेदना कमी करणारा उपचारही मागावा. तो रुग्णाचा हक्क आहे, आणि तो घेतला म्हणजे आशा सोडली असे होत नाही.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तुकड्याचा रिपोर्ट, स्कॅन आणि चालू औषधांची यादी एका पिशवीत ठेवा. "माझ्या कॅन्सरसाठी आज सिद्ध झालेला उपचार कोणता आणि तो कधी सुरू करायचा?" हा प्रश्न सर्वांत आधी विचारा. नॅनोकणांबद्दल त्यानंतर अवश्य बोला.

(हा लेख माहितीसाठी आहे. उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.)